दहा यार्डांचा गनिमी कावा

अमेरिकन लोक ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचा चेंडूशी संबंध फारच थोडा येतो. चेंडू हाताने फेकतात, हाताने झेलतात, काखेत मारून पळतात. आणि तो चेंडूही गोल नव्हे, तर दोन्ही टोकांना निमुळता. आपल्याकडचा माणूस हा खेळ प्रथम पाहतो तेव्हा त्याला एवढेच दिसते की, शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात, त्यांचा ढीग होतो, शिट्टी वाजते, आणि मग सारे उठून पुन्हा डोकी एकत्र करून खलबत करू लागतात. माझेही प्रथम तसेच झाले. माझा भाचा तिकडे एका विद्यापीठाच्या गावी नोकरीला आहे. त्याच्याकडे मी एक पानगळीचा ऋतू काढला. शनिवार उजाडला की सारे गाव एकाच रंगाचे सदरे घालून मैदानाकडे लोटायचे. ज्या खेळापायी प्राध्यापकापासून न्हाव्यापर्यंत सगळे इतके खुळावतात, त्यात पाण्यासारखे काही तरी असलेच पाहिजे, असे मला वाटू लागले.

ते काय आहे हे समजायची गुरुकिल्ली भाच्याने मला एका वाक्यात दिली. तो म्हणाला, “मामा, चेंडूला पाय लागायची वेळ आली की चहाचा कप खाली ठेवत जा.”

गंमत अशी की, तिकडचे बहुसंख्य प्रेक्षक नेमके ह्याच वेळी उठून मक्याच्या लाह्या आणायला जातात. आणि ह्या लेखात ज्या डावाची हकीकत सांगायची आहे, तो डाव मुळी त्यांच्या ह्या सवयीवरच उभा आहे. जेव्हा कोणाचे लक्ष नसते, तेव्हाच तो खेळला जातो.

देऊन टाकायचा चेंडू

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. मैदान १०० यार्ड लांबीचे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्या ताब्यात असेल त्यांनी चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकायचे. सरकले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही, तर चेंडू गेला. असे सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडली की तो ‘टचडाउन’, त्याचे ६ गुण. वर लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडला की आणखी १. टचडाउन आवाक्यात दिसत नसेल, तर दुरूनच चेंडू खांबांमधून उडवायचा, त्याचे ३.

आता खरी गोम येथे आहे. गुण मिळवलेल्या संघाने पुढचा चेंडू प्रतिपक्षाला द्यायचा असतो. तो हातात नेऊन द्यायचा नाही. आपल्या ३५ यार्डांच्या रेषेवर टेकूवर ठेवून लाथेने लांब उडवायचा. ह्याला ‘किक-ऑफ’ म्हणतात. पलीकडचा गडी तो झेलतो आणि पळत सुटतो, किंवा पळण्यात अर्थ नाही असे पाहून स्वस्थ राहतो. तसे झाले की चेंडू साधारणतः त्यांच्या २५ यार्डांच्या रेषेवर मांडला जातो आणि खेळ पुढे सुरू होतो. सत्यनारायणाच्या प्रसादासारखा हा चेंडू ठराविक रीतीने वाटला जातो. त्यात पाहण्यासारखे काय, असे कोणालाही वाटेल.

पण नियमात एक बारीकशी फट आहे. उडवलेला चेंडू एकदा १० यार्ड पुढे गेला की तो दोघांचाही होतो. ज्यांनी उडवला त्यांनीच तो आधी गाठला, तर तो त्यांचा! तो घेऊन पुढे पळता येत नाही. जेथे हाती लागला तेथूनच पुढचा डाव सुरू करायचा. परंतु जो चेंडू देऊन टाकायचा तो आपल्याचपाशी राहिला, ही काय थोडी कमाई झाली? ह्या युक्तीचे नाव ‘ऑनसाइड किक’. ‘ऑनसाइड’ हा शब्द रग्बीच्या घरातला. अमेरिकन फुटबॉलचा जन्म त्याच घरात झाला आणि हा वारसा त्याने जपून ठेवला.

ही किक दोन प्रसंगी मारतात, आणि त्या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिला प्रसंग नाइलाजाचा. सामना संपायला मिनिटभर उरले आहे, आपण मागे आहोत, चेंडू प्रतिपक्षाला दिला तर तो तेवढा वेळ सहज घालवील. तेव्हा मारा ऑनसाइड किक. ही येणार हे मैदानातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. प्रतिपक्ष झेल घेण्यात पटाईत असलेले गडी पुढच्या रांगेत उभे करून वाटच पाहत असतो. व्यावसायिक सामन्यांच्या जुन्या नोंदींचा एका अभ्यासकाने हिशेब मांडला, त्यात अशा वेळी पाचांत जेमतेम एक किक साधल्याचे दिसले. दुसरा प्रसंग बिनगरजेचा. सामना रंगात आहे, वेळ भरपूर आहे, कोणाच्या ध्यानीमनी काही नाही, आणि अशा वेळी मारलेली किक! त्याच हिशेबात ही किक निम्म्याहून अधिक वेळा साधली होती. खेळाडू तेच, चेंडू तोच, अंतर तेच. फरक फक्त समोरच्याच्या मनात.

तिसरे पथक

अमेरिकन फुटबॉलच्या संघात खरे पाहता तीन संघ असतात. चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. ह्या दोघांची नावे वर्तमानपत्रांत झळकतात. तिसरे विशेष पथक, ते फक्त चेंडूला पाय लागायच्या वेळी आत येते आणि क्षणभरात बाहेर जाते. त्यात राखीव गडी असतात, नवखी पोरे असतात, आणि एखादा किरकोळ अंगाचा किक मारणारा असतो, ज्याला बाकीचे धटिंगण आपल्यातला समजतातच असे नाही.

परंतु जाणत्या प्रशिक्षकांनी ह्या पथकाला कधी सावत्र मानले नाही. व्हर्जिनिया टेकचे फ्रँक बीमर १९८७ पासून २०१५ पर्यंत तेथे प्रशिक्षक होते. त्यांनी ह्या पथकाकडे जातीने लक्ष दिले, संघातले उत्तमोत्तम गडी त्यात घातले आणि प्रतिपक्षाच्या किक अडवून सामने फिरवण्याचा असा लौकिक मिळवला की, त्या पद्धतीला लोक ‘बीमरबॉल’च म्हणू लागले.

फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडन ह्यांचा १९८८ सालचा डाव तर आजही रंगवून सांगतात. सामना क्लेमसनच्या मैदानावर. २१-२१ अशी बरोबरी. दीडएक मिनिट उरलेले. चेंडू फ्लोरिडा स्टेटच्या स्वतःच्याच २१ यार्डांवर आणि चौथा प्रयत्न. शहाणा माणूस अशा वेळी चेंडू लाथेने दूर घालवून मोकळा होतो. पथकही त्यासाठीच उभे राहिले. चेंडू मागे आला, लाथ मारणाऱ्या गड्याने तो डोक्यावरून गेल्यासारखी उडी घेतली, आणि सारे क्लेमसन उजवीकडे धावणाऱ्या घोळक्यामागे लागले. चेंडू होता मधल्या एका गड्यापाशी. त्याने तो वाकून उभ्या असलेल्या लेरॉय बटलरच्या हाती गुपचूप सरकवला होता. बटलर क्षणभर तसाच थांबला आणि मग डावीकडच्या मोकळ्या रानातून सुटला, तो ७८ यार्ड पळून रेषेपासून एका यार्डावर थांबला. तेथून तीन गुणांची किक बसली आणि सामना २४-२१ असा खिशात गेला.

हा डाव फसता तर? चेंडू क्लेमसनला अगदी दारात मिळाला असता, आणि आज बाउडनच्या धाडसाऐवजी त्यांच्या वेडेपणाची गोष्ट सांगितली गेली असती. डाव आखणाऱ्याला हे आधीच ठाऊक असते. जिंकला तर संघ जिंकला, हरला तर मी हरवला, एवढे मनाशी मान्य केल्यावाचून असला हुकूम तोंडातून निघत नाही.

एका मुलाच्या दोन किक

ह्या साऱ्या प्रकरणात माझे मन एका मुलावर बसले आहे. त्याचे नाव अ‍ॅडम ग्रिफिथ. जन्म पोलंडमधला; बालपण अनाथालयात गेले; तेराव्या वर्षी एका अमेरिकन कुटुंबाने त्याला दत्तक घेतले आणि तो जॉर्जिया संस्थानात आला. पायात मूळचा गोल चेंडूचा फुटबॉल होता. त्या पायाने त्याला आलाबामा विद्यापीठाच्या संघात नेऊन ठेवले. आलाबामा म्हणजे ह्या खेळाची पंढरी, आणि प्रशिक्षक निक सेबन म्हणजे कडव्या शिस्तीचा माणूस.

३० नोव्हेंबर २०१३. आलाबामाचा सामना त्याच राज्यातल्या ऑबर्नशी, ऑबर्नच्याच मैदानावर. ह्या दोघांचे वैर भाऊबंदकीचे. घरात नवरा एकीकडचा आणि बायको दुसरीकडची, असाही प्रकार तेथे असतो. मागील दोन वर्षांचे विजेतेपद आलाबामाकडे, आणि त्या वर्षीही संघ अग्रक्रमावर. २८-२८ अशी बरोबरी. घड्याळात वेळ संपली. परंतु सेबन ह्यांनी अजून एक सेकंद शिल्लक असल्याचा आग्रह धरला, पंचांनी चित्रफीत तपासली आणि तो एक सेकंद परत दिला. त्या सेकंदात ५७ यार्डांवरून खांबांमधून चेंडू धाडण्यासाठी ग्रिफिथला आत पाठवले.

चेंडू तोकडा पडला. खांबांखाली ऑबर्नचा क्रिस डेव्हिस वाट पाहत उभाच होता. त्याने झेल घेतला आणि तो धावत सुटला. येथे तिसऱ्या पथकाचे मर्म कळते. आलाबामाने त्या क्षणी मैदानात ठेवलेले गडी होते अवजड, किक मारणाऱ्याभोवती भिंत उभारणारे. मोकळ्या रानात पळणाऱ्याला गाठणारे नव्हेत. डेव्हिस कडेने सारे मैदान पळून गेला आणि सामना ३४-२८ असा संपला. मागून मिळवलेल्या एका सेकंदाने आलाबामाचे वर्ष बुडाले. ग्रिफिथ तेव्हा महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे पोर. ५७ यार्ड ही लांबी सोपी नव्हे, हे सर्वांना कळत होते. पण चित्रफीत जितक्या वेळा दाखवली गेली, तितक्या वेळा सुरुवात त्याच्या पायापासूनच होत राहिली.

आता दुसरी किक. ११ जानेवारी २०१६, अ‍ॅरिझोनातले ग्लेंडेल, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना. समोर क्लेमसन. ‘बाउडनने फसवले तेच का?’ असे वाचक विचारतील, तर होय, तेच. पण आता प्रशिक्षक डाबो स्विनी आणि चेंडू फेकणारा डेशॉन वॉटसन नावाचा विलक्षण तरुण. वॉटसनने त्या रात्री आलाबामाच्या नामांकित बचावाला पार दमवून टाकले होते. शेवटच्या पावभागात ग्रिफिथच्याच ३३ यार्डांच्या किकने २४-२४ अशी बरोबरी झाली. साडेदहा मिनिटे बाकी. आता रिवाजाप्रमाणे चेंडू क्लेमसनला द्यायचा.

सेबन ह्यांच्यापुढे प्रश्न साधा होता. चेंडू दिला, तर थकलेल्या बचावावर पुन्हा वॉटसनला सोडायचे. तो किती वेळ अडवला जाईल? अशी अडचण होती म्हणून त्यांनी जुगार खेळला, असे म्हणणे मात्र बरोबर नाही. आलाबामाच्या लोकांनी एक गोष्ट हेरून ठेवली होती. किक-ऑफच्या वेळी क्लेमसनचे पुढच्या रांगेतले गडी मैदानाच्या मध्याकडे आकसून उभे राहत आणि कडेची पट्टी ओस पडे. त्या ओस पट्टीसाठी एक किक संघाने आधीच सरावात बसवलेली होती.

ग्रिफिथ नेहमीसारखाच चेंडूकडे गेला. नेहमीसारखाच पाय मागे घेतला. आणि लांब उडवण्याऐवजी चेंडू हलकेच वर उचलला, पतंगाला ढील द्यावी तसा. तो उजव्या कडेच्या मोकळ्या पट्टीवर तरंगत गेला. मार्लन हम्फ्री खाली धावत आला आणि पन्नास यार्डांच्या रेषेवर त्याने अलगद झेल घेतला. चेंडू १५ यार्ड गेला होता. क्लेमसनच्या गड्यांनी वळून पाहिले तेव्हा खेळ होऊन गेलेला होता. आणि जे सेबन चांगल्या दिवशीही कपाळाला आठी घालून उभे असतात, ते चक्क हसले! दूरदर्शनवाल्यांनी ते हसू पुन्हा पुन्हा दाखवले.

त्यानंतरच्या दुसऱ्याच प्रयत्नात जेक कोकरने चेंडू फेकला आणि ओ. जे. हॉवर्डने ५१ यार्डांचा टचडाउन केला, ३१-२४. पुढे क्लेमसनने तीन गुण भरून काढले, तर लगेचच्या किक-ऑफवर केन्यन ड्रेकने चेंडू झेलून ९५ यार्ड पळत नेला. हेही तिसऱ्या पथकाचेच काम. शेवट झाला ४५-४० असा. पाच गुणांचा फरक, आणि त्यामागे पंधरा यार्डांची एक किक. शेवटच्या बारा सेकंदांत क्लेमसननेही ऑनसाइड किक मारली. पण ती नाइलाजाची होती, सारे जग तिची वाट पाहत होते, आणि ती साधली नाही. एकाच सामन्यात, एकाच मैदानावर, दोन्ही जातींच्या किक बघायला मिळाल्या.

हिशेब आणि हिंमत

आता थोडा बनियाचा हिशेब करू. आलाबामाची ती किक फसली असती, तर क्लेमसनला चेंडू मैदानाच्या मध्याजवळ मिळाला असता. एरवी मिळाला असता त्यांच्या २५ यार्डांवर. म्हणजे तोटा सुमारे २५-३० यार्डांचा. साधली तर फायदा सबंध एका पाळीचा, आणि शिवाय प्रतिपक्षाची पाळी बुडाली ती वेगळीच. निम्म्याहून अधिक वेळा साधणारी गोष्ट ह्या भावाने कोणीही घ्यावी. मग सारे प्रशिक्षक रोज का घेत नाहीत? लोकलज्जा, हे एक कारण. रिवाजाप्रमाणे खेळून हरला, तर कोणी नाव ठेवत नाही. रिवाज मोडून हरला, तर सोमवारच्या वर्तमानपत्रात त्याचे वाभाडे निघतात. हे आपल्याही संसारात खरे नाही काय?

पण दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते केव्हिन केली ह्यांच्या उदाहरणाने चांगले कळते. हे गृहस्थ आर्कान्सामधल्या पुलास्की अकॅडमी ह्या शाळेचे प्रशिक्षक होते. गणित मांडून त्यांनी ठरवले की, चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथाडून घालवायचा नाही आणि किक-ऑफ बहुधा ऑनसाइडच मारायची. लोक हसले, शाळेने मात्र राज्याची अजिंक्यपदे अनेकदा मिळवली. २०११ साली एका सामन्यात प्रतिपक्षाला चढाईचा एकही डाव खेळायला मिळायच्या आत ह्यांचे २९ गुण झाले होते!

मग २०२१ साली केली दक्षिण कॅरोलिनातल्या प्रेस्बिटेरियन कॉलेजात आले. पहिल्या सामन्यात ८४ गुण काढून त्यांनी डोळे दिपवले. पण हंगाम संपला तेव्हा विजय २ आणि पराभव ९ होते, आणि केली तेथून गेले. ह्या अपयशाला कारणे अनेक असतील. शाळकरी पोरे वेगळी आणि कॉलेजचे गडी वेगळे. तरी एक गोष्ट मला पटते. रोज येणारा पाहुणा अतिथी राहत नाही. जो हमखास अनपेक्षित वागतो त्याची मग अपेक्षाच धरली जाते. लाल महालावरचा छापा शाइस्तेखानावर दुसऱ्यांदा घालता आला नसता. सेबन ह्यांची किक साधली ती त्यांच्या आधीच्या शेकडो सरळमार्गी, कंटाळवाण्या, लांबच लांब किकमुळे. आश्चर्य ही पुंजी आहे. ती शिस्तीने साठवावी लागते आणि एकदाच खर्चता येते.

उरलेले मैदान

ह्या पुंजीवर अलीकडे नियमांची गदा आली आहे. किक-ऑफच्या वेळी दोन्हीकडचे गडी भरधाव येऊन आदळतात आणि जबर इजा होतात, म्हणून हा प्रकार सौम्य करण्याकडे सर्वांचा कल आहे, आणि तो योग्यच आहे. डोके फुटण्यापेक्षा डाव बुडालेला बरा. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलने २०२४ साली किक-ऑफची मांडणीच पालटली, आणि तेव्हापासून तेथे ऑनसाइड किक मारायची, तर तसे आधी सांगावे लागते. ‘आता मी तुम्हाला फसवणार आहे’ अशी दवंडी पिटून केलेला गनिमी कावा तो हाच! २०१० सालच्या सुपर बोलमध्ये न्यू ऑर्लिन्सने मध्यांतरानंतरचा पहिलाच चेंडू अशा अचानक किकने पळवला होता आणि पुढे तो सामना ३१-१७ असा जिंकला होता. आज तेथे तसे करता येणार नाही.

कॉलेजांच्या मैदानांवर मात्र अजून ती मोकळीक आहे. तेथेही बंधने आली. किक मारणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना निदान चार-चार गडी हवेत, आणि चेंडूला हात लावायचा अधिकार मिळेपर्यंत आपल्या गड्यांनी समोरच्याला अडवायचे नाही. पण आधी सांगायचे बंधन नाही. म्हणून शनिवारी दुपारी कोठल्याशा विद्यापीठाच्या मैदानावर तिसऱ्या पथकातली पोरे, ज्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात, आठवडाभर सराव केलेली एक हलकीशी लाथ पोटात दडवून उभी असतात. बहुतेक शनिवारी तिचा हुकूम येतच नाही. ती नेहमीसारखी लांब किक मारतात, पळतात, आपटतात आणि बाहेर येऊन बाकावर बसतात.

ग्रिफिथचे काय, असे कोणी विचारील. ऑबर्नच्या त्या रात्रीनंतर आलाबामाने त्याला दूर केले नाही. दोन वर्षांनी तोच टेकूवर चेंडू ठेवत होता. त्या अवघड क्षणी सेबन ह्यांनी हुकूम दिला तो ह्याच पायाला. क्लेमसनच्या पुढच्या रांगेकडे पाहून त्यांनी बरेच काही हेरले होते, हे खरे. पण आपल्या पोराकडे पाहून त्यांनी जे हेरले, त्याचे मोल मला अधिक वाटते.